बेकरांचं मूळ गाव

माझं माहेरचं आडनाव बेकर. आजवर ज्यांना ज्यांना ते सांगितलं त्यांतल्या निम्म्यांनी विचारलं, "बेकरी आहे का तुमची?" आणि उरलेल्यांनी माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बेकरी कधीच नव्हती. कड्याच्या शिवारात कोरडवाहू जमीन होती, म्हशी होत्या, आणि पाऊस बरा झाला तर थोडा ऊस असायचा. तोंडाकडे पाहणाऱ्यांना जे दिसायचं ते मात्र होतं. आमच्या घरात घारे डोळे कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतातच. माझ्या वडिलांना, अण्णांना, ते नव्हते. त्यांच्या धाकट्या बहिणीला, गोदाआत्याला होते, आणि मला आहेत. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, डोळे काही बदलता आले नाहीत. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच केला, "आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

या प्रश्नाचं उत्तर अण्णांकडे तयार असायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं. आडनावाला 'कर' लागला म्हणजे मागे गाव असणारच. पाटोदकर पाटोद्याचे, केजकर केजचे, तसे बेकर बेकचे. बेक नावाचं गाव कुठे आहे, असं कुणी विचारलं की ते म्हणत, सीना नदीच्या काठाला होतं, पटकीच्या साथीत ओस पडलं. मी लहान असताना बेक नदीच्या अलीकडे होतं. मी थोडी मोठी झाले तेव्हा ते पलीकडे गेलं, आणि एकदा तर एका सोयऱ्याला अण्णांनी ते पार परांड्याच्या बाजूला असल्याचं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं. गावाची गोष्ट वेगळी होती. गावात म्हणायचे की बेकर म्हणजे बेकरसाहेब, नगरच्या कँपातला गोरा सोल्जर, आणि हे सगळं त्याचं बी. तोंडावर कुणी बोलत नसे. पण बांधावरून भांडण लागलं, म्हैस कुणाच्या ज्वारीत शिरली, की पहिल्या शिवीनंतर दुसऱ्या वाक्याला साहेब यायचाच. अण्णा तेव्हा एकच उत्तर द्यायचे, "आपुन निजामाच्या मुलखातले. हितं इंग्रज आलाच कुठून बे?" ते खरंही होतं. कडा निजामाकडे होतं आणि नगर इंग्रजाकडे. पण मधे होती ती सीना, आणि ती वर्षातले आठ महिने पायी ओलांडता येते, हे अण्णांना कुणी सुनवत नसे.

आमचं घर बोलकं होतं. पहाटे कारखान्याचा भोंगा व्हायचा, त्याच्या मागोमाग आईच्या बांगड्या आणि चुलीतल्या लाकडांचा आवाज, मग गोदाआत्याच्या भाकरीचा. आत्या भाकरी परातीत थापायची ती अख्ख्या गल्लीला ऐकू जायची. थापताना ती बोलायची, बहुतेक वेळा भाकरीशीच. "फाटू नको गं बाई, तुला बी पाहुण्याफुडं जायचंय." आमटीचा मसाला, येसर, भाजायला घेतला की धणे आणि मिरचीच्या वासानं शेजारची माणसं शिंकायची आणि शिंकत शिंकत वाटी घेऊन यायची. आमटी तिच्याच हातची हवी असा अण्णांचा हट्ट असे आणि आईला त्याचा राग येत नसे, इतकी दोघींची गट्टी होती. आत्या दिसायला देखणी होती, हे मी तिची भाची म्हणून सांगत नाही. गोरीपान, उंच, आणि त्या डोळ्यांत कायम काहीतरी चेष्टा चाललेली. पण तिच्या बरोबरीच्या मुलींच्या पोरांना शाळेत घालायची वेळ आली तरी तिचं लग्न जमत नव्हतं. नांदूरघाटचं एक स्थळ साखरपुड्याच्या आदल्या दिवशी फिरलं. दुसरे एक जण पोहे खाऊन, चहा पिऊन, पान खाऊन गेले आणि निरोप पाठवला की पोरगी चांगली हाय पण रगत इचारावं लागंल. आत्या वरून हसायची. "माझे डोळे मांजराचे म्हणत्यात," ती म्हणायची, "पर उंदीर एक बी मारला न्हाई मी आजवर." मग बराच वेळ भाकरीशी काही बोलायची नाही.

त्या वर्षी मी मॅट्रिकला होते आणि वडवणीचं स्थळ आलं. मुलगा एसटीत कंडक्टर, त्यानंच आत्याला आष्टीच्या स्टँडवर पाहिलेलं, आणि आपणहून घरी सांगितलेलं. त्याचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, तालुक्याच्या राजकारणातले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, आणि बोलताना समोरच्याचा हात हातात धरायची सवय. त्यांची बायको सुंदराबाई मात्र फारशी बोलत नव्हती. ती भिंतीला टेकून बसली आणि आत्याकडे पाहत राहिली. आबांनी नेहमीची चौकशी केली, जमीन, विहीर, भाऊबंद. मग म्हणाले, "मूळ गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

"बेक," अण्णा म्हणाले.

"तालुका?"

अण्णा जरा घुटमळले. "सीनेच्या अंगाला. आता ओस हाय."

आबांनी अण्णांचा हात आणखी घट्ट धरला. "अण्णा, मी ह्या जिल्ह्यात मतं मागत फिरलोय. जिथं माणूस न्हाई, नुसता धोंडा हाय, तिथं बी जाऊन हात जोडलेत. सीनेच्या दोन्ही अंगानं गेलतो. बेक कुठं लागलं न्हाई मला."

सगळे हसले. अण्णाही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. सुंदराबाई हसली नाही. ती म्हणाली, "ते साहेबाचं म्हणत्यात, ते खरं हाय का खोटं, येवढंच सांगा. खोटं आसंल तर माझी ना न्हाई. लोकं इचारतील तवा मला तोंड देता आलं पायजे." खरं असेल तर काय, हे ती बोलली नाही आणि कुणी विचारलंही नाही. आबांनीच तोड काढली. नगरच्या कँपात गोऱ्या लोकांचं जुनं चर्च आहे, तिथं त्यांच्या पोरांच्या जन्माची बुकं ठेवलेली असतात, त्यांत पाहून घ्या. आईला तेव्हा नुकताच मुलगा झाला होता, माझा धाकटा भाऊ. त्याच्या बारशाला आम्ही येऊ तेव्हा सांगा, असं ठरवून पाहुणे गेले.

नगरला अण्णा, आत्या आणि मी असे तिघे गेलो. मी इंग्रजी वाचायला, आणि आत्या का, तर ती म्हणाली, "माझ्या लग्नाचं हाय, मी येणार." चर्च मी पहिल्यांदाच पाहत होते. आत गार होतं, बाकांना मेणाचा वास होता, आणि आमच्या चपलांचा आवाज फार मोठा येत होता म्हणून आत्यानं तिच्या हातातच घेतल्या. अण्णांनी मनात एखादा गोरा पाद्री धरला असावा. समोर आले ते आमच्यासारखेच सावळे, जुन्या स्वेटरातले एक पाळक. त्यांनी अण्णांना "या दादा" म्हटलं, चहा मागवला, आणि कपाटातून जाडजूड बुकं काढून टेबलावर ठेवली. बाप्तिस्म्याची बुकं. बाप्तिस्मा म्हणजे काय, असं आत्यानं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून त्याचं नाव ठेवायचं, ताई."

"म्हंजी हे बारशाचंच बुक हाय की," आत्या म्हणाली आणि तिला ते एकदम ओळखीचं झालं.

माझं इंग्रजी शाळेतलं. ती अक्षरं तिरकी, एकमेकांत गुंतलेली, शाई पिवळी पडलेली. पाळक पानं उलटत होते, मी बोट ठेवून वाचत होते. बेकर निघत होते. एकाची बायको मेरी, एकाची एलायझा, आणि प्रत्येक मेरी-एलायझाला अण्णा सुटकेचा श्वास सोडत होते. मग एक ओळ आली. बाळाचं नाव थॉमस. बाप हेन्री बेकर, पलटणीतला शिपाई. आईच्या गावाच्या रकान्यात मला काहीतरी विचित्र लागलं. मी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "कुर्रा."

आत्याला हसूच फुटलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगण्याआधी तोंड नेऊन कुर्रर्र करते, तेच तिच्या डोक्यात आलं. "गावाचं नाव कुर्र? आन त्याच्या फुडचं मागचं कोण, गोविंद आन गोपाळ?" ती पदर तोंडाला लावून हसत होती. आणि हसता हसताच थांबली. "शके," ती मला म्हणाली, "त्यो ड म्हणता येत नसंल साहेबाला. कडा आसंल ते. कडा, कुर्रा." पाळकांनी पुन्हा ओळ पाहिली आणि मान डोलावली. पितृपक्षात आमच्याकडे सगळ्यात जुन्या पूर्वजाच्या नावानं एक पान वाढायची रीत होती. त्याचं नाव तोमाजीबाबा. गावात दुसरा तोमाजी कुणी नव्हता, कधी ऐकलाही नव्हता. अण्णा सावकाश बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "थॉमस," ते स्वतःशी म्हणाले. "तोमाजी."

मला मात्र, खरं सांगायचं तर, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सोळा वर्षांची पोर, पुस्तकांत राणीचे फोटो पाहिलेले. आपण कड्यातल्या म्हशींच्या मागे फिरणारे नाही, आपण समुद्रापलीकडचे कुणी आहोत, असं वाटून माझी मान ताठ झाली होती. त्या हेन्रीचा फोटो कुठे मिळेल का, असं मी पाळकांना विचारणार होते, तेवढ्यात आत्यानं विचारलं, "आन आईचं नाव काय?"

मी पुन्हा ओळीवर बोट ठेवलं. "नेटिव्ह बाई."

"हे नाव झालं व्हय?"

"नाव नाही, आत्या. नेटिव्ह बाई एवढंच लिहिलंय. म्हणजे इथली कुणीतरी."

"त्या काळी पुष्कळदा असंच लिहायचे, ताई," पाळक म्हणाले.

"कावून?"

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आत्या त्यांना बोल लावत नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं. ते मिळेना तेव्हा ती बुकावर वाकली. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी एकेक रकान्यावर तिनं बोट ठेवलं. "बापाचं नाव हाय. गावाचं हाय. पाणी शिंपडलं त्याचं बी हाय का, शके?" होतं, खाली सही होती. "आन जिनं पोटात वागवलं तिचं तेवढं न्हाई," ती म्हणाली, आणि तिचे ते चेष्टेखोर डोळे भरून आले. नांदूरघाटचं स्थळ मोडलं तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत अण्णांनी बजावलं. घरी गेल्यावर कुणी तोंड उघडायचं नाही, बुकात काही निघालं नाही असं मी सांगणार. अण्णा खोटारडे नव्हते. त्यांना बहिणीची काळजी होती. हे स्थळ गेलं तर पुढचं येणार नाही हे त्यांना कळत होतं, आणि मुलानं आपणहून पसंत केलेली पोरगी केवळ एका मेलेल्या साहेबापायी घरात बसावी, याचा त्यांना संताप येत होता. "त्यो गेला पलटणीसंगं निघून," ते म्हणाले, "आन आपल्याला ह्ये ठेवून गेला."

आत्या खिडकीशी होती. "आण्णा, त्यो गेला ना?"

"गेला."

"आन पोरगं कड्यात वाढलं. तोमाजीचं पान आपुन वाढतो. मंग त्याला हितं कुणी आणलं?" अण्णांनी टोपी सारखी केली. "ती आली त्याला घेऊन," आत्या म्हणाली. "सीना उतरून, काखंत पोर घेऊन आली. आन तिच्या बापानं, न्हाईतर भावानं, कुणीतरी तिला घरात घेतली. तवा बी नावं ठेवणारे आसतीलच की. तरी घेतली. आण्णा, आपुन साहेबाचे कावून? आपुन तिचे."

"ते तुला आन मला ठीक हाय. वडवणीच्यांना काय सांगू?"

"मी सांगते."

"तू तोंड उघडायचं न्हाई," अण्णा म्हणाले.

माझी ताठ झालेली मान त्या एसटीत हळूहळू सैल झाली. हल्ली माझा नातू मोबाइलवर वंशावळ काढतो. चौकोन असतात, त्यांत नावं भरायची. परवा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, आजी, पणजोबांच्या वरचे सगळे पुरुष मिळाले, बायकांचे चौकोन रिकामे राहतायत, काय टाकू? माझ्या सासरचीच गोष्ट घ्या. तिथं कसला साहेब नाही, कसली भानगड नाही, सरळ रेघेत चाललेलं घराणं, आणि तिथले तर सगळ्यात जास्त चौकोन रिकामे.

बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. गव्हा-हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजत होत्या, पाळणा शेजारून आणला होता. पुरुष ओसरीवर, बायका आत. वडवणीचे पाहुणे आले, आबांनी अण्णांचा हात धरला, सुंदराबाई आत येऊन पुन्हा भिंतीला टेकून बसली. आमच्याकडे बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. धुऊन, हळदकुंकू लावून, कुंची घालून. दोन बाजूंना बायका बसतात आणि तो पाळण्याच्या खालून देतात, वरून घेतात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत. मग बाळ. आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. गोदाआत्या वरवंटा घेऊन बसली होती. ओसरीवरून आवाज आत स्पष्ट येत होता. अण्णा सांगत होते, "बुकं पायली. बेकर लई निघाले त्यात, पर आपला आसा काय..."

आत्यानं वरवंटा पुढे दिलाच नाही. तो पाळण्यात ठेवला, त्याच्यावर वाकली, आणि ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवडाबाई."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आई बाजेवरून म्हणाली, "आवं वन्सं, वरवंट्याचं नाव कुठं ठेवत्यात?"

"वरवंट्याचं न्हाई, वैनी. तोमाजीबाबाच्या आईचं." आणि तिनं सगळं सांगितलं. बुक, रकाने, हेन्री बेकर, कुर्रा, आणि नेटिव्ह बाई. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत, घुगऱ्यांना मीठ किती घातलं हे सांगावं तसं सांगितलं. अण्णा दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

शेजारची एक म्हातारी म्हणाली, "पर नाव आत्यानं ठेवावं लागतंय. तू तिची कोण? पणतीची पणती."

"तिला आत्या आसंलच की कुणीतरी. ती न्हाई आली, मी आले."

आता सगळ्यांच्या नजरा सुंदराबाईकडे गेल्या. ती उठली, पाळण्यापाशी आली. "म्हंजी खरं हाय."

"खरं हाय," आत्या म्हणाली. पाळण्याची दोरी तिनं घट्ट धरली होती.

"आवडाबाईच कावून?"

"पोरासकट घरात घेतली तिला. नकोशी आसती तर घेतली आसती का?"

सुंदराबाईनं त्या कुंचीतल्या वरवंट्याकडे पाहिलं. मग तिनं दाराकडे तोंड करून हाक मारली. "आवो, आयकलं का? तुमच्या आज्याच्या आईचं नाव काय?"

आबा ओसरीवर खाकरले. "आज्याचं नाव दगडू. त्याच्या बापाचं हरिबा."

"बाप्यांचं न्हाई इचारलं. आईचं."

ओसरीवर कुणाच्या तरी हातातला चहाचा कप बशीत टेकल्याचा आवाज आला. आबांना जिल्ह्यातल्या मतदारांची नावं घरागणिक ठाऊक असत असं म्हणायचे. "थोरली म्हणायचे तिला," ते अखेर म्हणाले. "नाव लक्षात न्हाई."

"मंग सुपारी फोडा," सुंदराबाई म्हणाली. "लोकं इचारतील त्यांना मी बगते."

अण्णा दाराच्या चौकटीला टेकले आणि सगळ्यांदेखत रडले. आत्या मात्र जागची हलली नाही, तिला बहुधा अजून खरं वाटत नव्हतं. सुंदराबाई पदर सावरून तिच्या शेजारी पाळण्याला लागून बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पोरी, आमच्या थोरलीचं बी ठेव की एक."

आत्यानं मान वर केली. "कशी व्हती ती?"

"लई भांडकुदळ व्हती म्हणत्यात. समद्या गावाशी वाकडं."

"मंग इचार करून ठेवावं लागंल," आत्या म्हणाली, आणि पुन्हा पाळण्यावर वाकली.